माणूस तिथंच, कागद हिंडले

वणीला चाललो म्हटलं की पुण्यातले लोक लगेच हात जोडतात. 'देवीला आमचाही नमस्कार सांगा!' ती वणी नाशिकची, सप्तशृंगीची. मी निघालो होतो ती यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडची, कापसाची आणि कोळशाची वणी. देवी इथेही आहे, जैताई. तिला नमस्कार पोचवला. पण मला ओढून नेलं होतं माझ्या नातीच्या एका प्रश्नानं, आणि तो प्रश्न तिला पडला होता फिलाडेल्फियात.

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. अमेरिकेत गेलेले आईवडील नायगरा बघतात, न्यूयॉर्क बघतात आणि जवळच आहे म्हणून फिलाडेल्फियाही उरकतात. तसेच आम्ही इंडिपेन्डन्स हॉलसमोर रांगेत उभे राहिलो. विटांची नेटकी इमारत, आत आपल्याकडच्या शाळेच्या हॉलएवढी एक खोली. हिरव्या कापडाची टेबलं, पिसांच्या लेखण्या आणि समोर एक उंच पाठीची खुर्ची, तिच्यावर कोरलेला अर्धा सूर्य. १७८७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टन या खुर्चीत बसून अमेरिकेची घटना लिहिणारी सभा चालवत होते. २५ मे ते १७ सप्टेंबर, बातमी फुटू नये म्हणून दारंखिडक्या बंद. एकूण ५५ प्रतिनिधी हजेरी लावून गेले, अखेरच्या मसुद्यावर सह्या केल्या ३९ जणांनी. ऱ्होड आयलंडनं तर माणूसच पाठवला नाही. ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन चार महिने त्या खुर्चीवरच्या सूर्याकडे बघत होते. तो उगवतीचा की मावळतीचा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. सह्या होत असताना ते म्हणाले, उगवतीचाच.

नातीला शाळेत काम दिलं होतं: या ५५ जणांतला आपल्या भागातला एक शोधा आणि त्याच्यावर लिहा. तिनं तिचा शोधला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, आपल्या खोलीत तुमच्या गावचं कोण होतं?"

दिल्लीचा सेंट्रल हॉल मी सांगितला. आंबेडकर, नेहरू, पटेल, राजेंद्रप्रसाद एवढी नावं सांगितली आणि पुढे अडलो. मी यवतमाळचा. आमच्या जिल्ह्याचे लोकनायक बापूजी अणे काही काळ घटना समितीचे सभासद होते, हे मला रात्री झोपताना आठवलं. सकाळी नातीला नाव सांगितलं, पण त्यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं नाव, आणि त्या माणसाचं जन्मगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असून मी तिथे कधी मुद्दाम गेलो नव्हतो.

म्हणून डिसेंबरात नागपूरहून एसटी धरली. जांब, वरोरा. वरोऱ्याला आनंदवनला जाणारी मंडळी उतरली आणि गाडी मोठा रस्ता सोडून वणीकडे वळली. थोड्या वेळात पाटाळ्याचा पूल लागला. खाली वर्धा नदी, हिवाळ्यातली, निम्मी पाणी आणि निम्मी वाळू. पावसाळ्यात याच नदीच्या पुरानं हा रस्ता बंद पडतो. पूल ओलांडला तेव्हा मी शेंगदाणे खात होतो. आपण काय ओलांडलं हे मला परतताना कळायचं होतं.

पुलानंतर कोळशाचे ट्रक सुरू होतात. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी वणीच्या अवतीभवती पसरल्या आहेत: राजूर, उकणी, निलजई, मुंगोली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, वेचणीचे दिवस होते. आतल्या तासांत बोंडं पांढरीशुभ्र फुटलेली, आणि रस्त्याकडेच्या चार-पाच तासांतला कापूस राखाडी. तो वेचणाऱ्या बाया वेगळ्या ओट्यात घेत होत्या. एकाच शेतातला, एकाच बियाण्याचा कापूस. फक्त रस्त्याला लागून उगवला म्हणून त्याचा भाव पडणार.

वणी निर्गुडा नदीवर आहे. गावात रंगनाथस्वामींचं देऊळ आहे, त्यांची यात्रा सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. लोकमान्य टिळक महाविद्यालय आहे, जिथे राम शेवाळकर प्राचार्य होते. ज्यांनी शेवाळकरांचं वक्तृत्व ऐकलं आहे त्यांच्या दृष्टीनं तेवढंच कारण वणीला यायला पुरेसं आहे. येण्याच्या वाटा तशा बऱ्याच: नागपूर-बल्लारशा मार्गावरच्या माजरीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे वणीवरून जाते, यवतमाळहून करंजी-मारेगावच्या बाजूनं बस येते. ऊन सोसत नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धरावा.

बसस्टँडजवळच्या टपरीवर मी अण्यांची चौकशी केली. चहावाल्यानं बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे बोट दाखवलं. "गुरुजीले विचारा. त्यायले सारं मालूम आहे."

गुरुजी निवृत्त शिक्षक. पेपराची घडी घालून त्यांनी मला आधी नीट न्याहाळलं. "कुठचे तुम्ही?" यवतमाळचा म्हटल्यावर चेहरा खुलला. "मंग आपल्याच जिल्ह्याचे. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे म्हणा! आधी जिल्हा वणीच्या नावानं होता, तुमचं यवतमाळ मागून आलं."

हे खरंच आहे. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्याचं सरकारी नाव 'वून' होतं, म्हणजे वणी. कचेऱ्या यवतमाळला असूनही नाव वणीचं चालत होतं, ते १९०५ मध्ये बदललं. बापूजी, म्हणजे माधव श्रीहरी अणे, वणीत जन्मले ते २९ ऑगस्ट १८८० ला, या वून जिल्ह्यात.

गुरुजी मला घरी घेऊन गेले. ओसरीत बंगई, बंगईवर मी, समोर सांबारवडी. आतून त्यांनी पत्र्याची एक चपटी पेटी आणली. कसल्याशा दाखल्यासाठी तीन पिढ्यांचे पुरावे त्यांना गोळा करावे लागले होते, तेव्हापासून सगळे कागद एकत्र ठेवलेले. त्यांनी ते एकेक करून बंगईवर मांडले. आजोबांची शेताची पावती, तिच्यावर जिल्हा वून, वऱ्हाड. वडिलांचा शाळेचा दाखला, मध्यप्रांत व वऱ्हाड. स्वतःची जन्मनोंद १९५१ ची, मध्यप्रदेश. पहिलीत नाव घातलं ते मुंबई राज्यात. मॅट्रिक झाले महाराष्ट्रात.

"घर हेच," गुरुजी म्हणाले. "हा खांबही तोच. माणूस तिथंच राहिला भाऊ, कागद हिंडले. अन् एकदाही कोणी विचारलं नाही."

मला नातीच्या शाळेतला धडा आठवला. अमेरिकेची सगळी सुरुवात याच तक्रारीतून झाली. १७६५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं वसाहतींवर स्टँपचा कर बसवला, तेव्हा लोकांचं म्हणणं एवढंच होतं की तिथे आमचा माणूस नाही, मग आमच्यावर कर कसा? १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात गेला. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. आणि त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १८५३ मध्ये, त्याच कंपनीनं निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्यानं घेतला आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडला. १९३६ च्या करारानं तर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. वावर बटाईनं देतात तसा अख्खा प्रांत दिला-घेतला गेला.

याचा एक गमतीदार परिणाम अण्यांच्या वाट्याला आला. केंद्रीय कायदेमंडळात ते वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत. पण वऱ्हाड कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हतं, मग तिथला माणूस निवडून कसा येणार? यावर तोड अशी काढली होती की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, आणि जो निवडून येईल त्याला सरकारनं 'नेमायचं'. म्हणजे मत लोकांचं, पण कागदावर तो सरकारनं नेमलेला सभासद. गुरुजींना हे सांगितलं तर ते इतके हसले की बंगई हलली.

अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, अमरावतीच्या काशीबाई शाळेत काही वर्षं शिक्षक होते, नंतर यवतमाळला वकिली करू लागले. टिळकांचे निष्ठावंत. यवतमाळहून त्यांनी १९१८ मध्ये 'लोकमत' साप्ताहिक काढलं. आजच्या दैनिकाचं नाव तिथून आलेलं आहे. जयप्रकाशांच्या कितीतरी आधी आमच्याकडे 'लोकनायक' म्हटलं की अणेच समजत.

१९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. विदर्भाला समुद्र कुठला? पण जंगल होतं, आणि जंगलातलं गवत परवानगीवाचून कापणं गुन्हा होता. गुरं पाळणाऱ्या माणसाला मिठाइतकाच हा कायदा रोज नडायचा. १० जुलै १९३० ला पुसदला अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि पकडले गेले. विळा आणि पेंढीभर गवत, बास. बोस्टनवाल्यांनी चहा बुडवला तो रात्री, कित्येकांनी मोहॉक आदिवाशांचं सोंग घेऊन, आणि कोण कोण होतं याची वाच्यता वर्षानुवर्षं केली नाही. पुसदला मात्र दिवस आधी जाहीर, नावं आधी जाहीर. दोन्हीकडे कायदा मोडला, पण मोडणाऱ्यानं चेहरा लपवायचा की दाखवायचा, यात दोन देशांच्या स्वभावातला फरक दिसतो.

मात्र अण्यांचं मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं काम त्याच्या दोन वर्षं आधीचं. सायमन कमिशनमध्ये एकही हिंदी माणूस नव्हता. तुम्हीच एकमताची घटना करून दाखवा, असं आव्हान वर भारतमंत्र्यांनी दिलं. सर्वपक्षीय परिषदेनं १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात तेजबहादूर सप्रू होते, सुभाषचंद्र बोस होते, आणि वणीचे अणे होते. त्यांनी काढलेला आराखडा म्हणजे नेहरू रिपोर्ट. त्यात केंद्राची दोन सभागृहं सुचवली होती, २०० जणांचं सिनेट आणि ५०० जणांचं हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज. नावं वाचून अमेरिका आठवते, जरी ही मंडळी साम्राज्यातल्या वसाहतींच्या घटनाही पुढे ठेवून बसली होती. अमेरिकेच्या मूळ घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती, ती लोकांच्या रेट्यानं १७९१ मध्ये जोडावी लागली. इथे ती पहिल्याच मसुद्यात होती. तिथे स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं, आणि गुलामांची तर प्रतिनिधी ठरवताना पाच माणसं म्हणजे तीन अशी मोजणी लिहून ठेवलेली. या आराखड्यात २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत होतं. त्याच्या बाकीच्या तरतुदींवर वाद झाले, मुस्लिम लीग दूर गेली, बाबासाहेबांनीही टीका केली. तरी वऱ्हाडचा एक 'नेमलेला' सभासद सगळ्या देशाला मत द्या म्हणून सही करतो, हे चित्र मला फिलाडेल्फियाच्या खुर्चीपेक्षा कमी वाटत नाही.

बापूजींचा प्रवास सरळ रेषेत गेला नाही, हेही गुरुजींनीच काढलं. १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून ते मदनमोहन मालवीयांबरोबर काँग्रेसपासून वेगळे झाले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, त्याबद्दल पुष्कळांनी त्यांना दोष दिला. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल. आणि म्हातारपणी पुन्हा आखाड्यात: १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर ते नागपूरमधून लोकसभेत निवडून गेले.

इथे गुरुजींची पेटी आणि अमेरिकेची घटना एकमेकींना भिडतात. तिकडे घटनेच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की एखाद्या राज्याच्या पोटातून नवं राज्य काढायचं असेल, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागेल. व्हर्जिनियाच्या संमतीनं १७९२ मध्ये केंटकी निघालं, मॅसॅच्युसेट्सच्या संमतीनं १८२० मध्ये मेन. कारण तिथे राज्यं आधीची आणि देश नंतरचा. तेरा घरांनी मिळून अंगण केलं, तेव्हा घराच्या भिंतीला हात लावायचा तर घरमालकाला विचारणं आलं. आपल्याकडे तिसऱ्या कलमानुसार संसद साध्या कायद्यानं सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं असतं, मानायचं बंधन नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना आंबेडकरांनी कारण सांगितलं होतं: आपला संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून त्यातून फुटायचा हक्कही कोणाला नाही. हा मुद्दा ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध लढावं लागलं, आपण तो आधीच लिहून ठेवू.

विदर्भाच्या बाबतीत ही तरतूद दोन्ही बाजूंनी कापते. मुंबईची संमती नसतानाही वेगळं राज्य देता येतं, आणि इथल्या माणसाला न विचारता नाकारताही येतं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. त्याच साली बाबासाहेबांनी मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली, त्यात पूर्व महाराष्ट्र म्हणजे विदर्भ होता. झालं वेगळंच: १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला द्यायचं ठरलं, ते हिवाळ्यात भरतं. देवाणघेवाण अमेरिकेतही होतीच. १७९० मध्ये राज्यांची कर्जं केंद्रानं उचलायची आणि बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीवर न्यायची, असा सौदा जेफरसनच्या जेवणाच्या टेबलावर झाला. त्यांच्या वाट्याला शहर आलं, आमच्या वाट्याला हिवाळा.

"तुमचं काय मत, गुरुजी? वेगळं पाहिजे?"

गुरुजींनी कागद पुन्हा पेटीत रचायला घेतले. "माझं मत बदलते भाऊ. कापसाले भाव नसला की पाहिजे वाटते. पोराचं पुण्याले चांगलं चाललं आहे, ते आठवलं की नको वाटते." मग थांबून म्हणाले, "पण मले कोणी विचारलं, तर मी इचार करून सांगीन. हे 'तर' राहिलं आहे."

मार्च २०१६ मध्ये बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना वेगळ्या राज्यांच्या वक्तव्यावरून महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा द्यावा लागला. आजोबांपासून नातवापर्यंत प्रश्न तोच राहिला.

बापूजी गेले ते २६ जानेवारी १९६८ ला, प्रजासत्ताक दिनी. पद्मविभूषण त्याच वर्षीचं. टिळकांवर त्यांनी लिहिलेल्या संस्कृत काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो पुढे मरणोत्तर. तारखांच्या योगायोगावर माझा विश्वास नाही, पण नातीला सांगायला ही तारीख मी जपून ठेवली. तिच्या पुस्तकातले जॉन ॲडम्स आणि जेफरसनही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ५० वर्षं झाली त्या दिवशी.

गुरुजी स्टँडपर्यंत पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "पाटाळ्याच्या पुलावरून जाल ना? थे नदी म्हणजे पहिले सरहद्द. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे नागपूरवाले." १८२२ च्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला, तेव्हापासून ही नदी दोन राज्यांमधली रेघ झाली. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं तेव्हा त्या रेघेतला जोर ओसरला. आता उरली आहे ती यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांमधली.

पूल आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. वाळूत दोन पोरं गुरं घेऊन अलीकडून पलीकडे चालली होती. मी खिडकीची काच सरकवून बघत राहिलो. तेवढ्यात कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "कुठं जाचं?"

मी नागपूर म्हणालो, आणि त्यानं खरंच नागपूरचंच तिकीट फाडलं.